पौषातली भुलाबाई

सोनाळा,
वैशाख शुद्ध दशमी, सोमवार

प्रिय रुख्मिणी,

सासवा सुनेला ‘प्रिय’ लिहीत नसतात, हे मलाही ठाऊक आहे. ‘चिरंजीव सौभाग्यवती’ लिहितात, मग आशीर्वाद, मग पाऊसपाणी, आणि मग हळूच एक टोमणा. माझ्या सासूला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती टोमणे तोंडीच द्यायची, नि एकही वाया जायचा नाही. मी चौथी पास झालेली बाई आहे. कागद माझा, टाक माझा, तेव्हा मायना मी माझ्या मनासारखा घालणार. मास्तरांनी छड्या मारून शिकवलेली शुद्ध भाषा आहे ही. मधेच घसरून आपल्या सोनाळ्याच्या बोलण्यावर आले तर तुझ्या खामगावच्या मैत्रिणींना दाखवून हसू नकोस.

तुझं पत्र तुझ्या नवऱ्यानं, उत्तमनं, शुक्रवारी माझ्या हातात दिलं. देताना असा लाजला की जणू त्यानंच लिहिलं होतं. मी चुलीपाशी बसून वाचलं. एका पानात तू पाच वेळा ‘माफ करा’ लिहिलंस. म्हणतेस, पौषात आम्ही तुम्हाला फसवलं, आत्याबाई. ती भुलाबाई सणातली नव्हती, सरकारी होती, प्रदर्शनात मांडलेली मूर्ती होती. आई घाबरून खोटं बोलली नि तुम्ही देवभोळ्या म्हणून विश्वास ठेवून मला न नेताच परत गेलात. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून आता पोरीला घेऊन लगेच येते, राहिलेलं सगळं काम अंगावर घेते आणि फेड करते, असं तुझं म्हणणं. अवं येडे! अंगात रक्त नाही तुझ्या, नि फेड कशाची करतेस?

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. दवाखान्यातल्या बाईंनी तुला बजावलं आहे की बाळंतपणापासून तीन महिने जड उचलायचं नाही, उन्हात राबायचं नाही, नाहीतर पुन्हा अंगावर जाईल आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. उत्तमनं मला हे जसंच्या तसं सांगितलंय. तू या घरात आल्यापासून दोन वेळा तुझी कूस रिकामी झाली, दोन्ही वेळा कापूस वेचणीत, दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांदेखत. ही पोरगी तेवढी हाताला लागली, नि तू वाचलीस. आता मला दुसरं काही नको. तू पुरती उभी राहीपर्यंत तिथून हलायचं नाही. माफीचं काय ते पुढं पाहू.

इकडची खबर म्हणशील तर कपिली व्याली, गोऱ्हा झाला. शेजारच्या शालूबाईनं तुझ्या पोरीसाठी कुंची शिवलीय, लाल-हिरव्या तुकड्यांची, उत्तमबरोबर धाडतेय. कुंची एवढी मोठी झालीय की पोरगी शाळेत जाईपर्यंत पुरेल. शालूबाईला मी तसं म्हटलं नाही, म्हटलं तर ती उसवून पुन्हा शिवेल आणि पुन्हा तेवढीच करील. ऊन मी म्हणतंय. विहिरीला अजून पाणी आहे. तू लावलेला मोगरा मी जगवलाय, रोज भांडी धुतलेलं पाणी घालते, आणि तुझा नवरा घरात कुणी नाही असं पाहून त्याची फुलं मोजतो.

बरं, आता पौषातलं ऐक. तू ते सगळं एका बाजेवर बसून पाहिलंस, म्हणून तुला अर्धंच ठाऊक आहे. नवं राज्य झाल्याला दोन वर्षं होत आली होती, त्याचं म्हणून खामगावला ते मोठं प्रदर्शन भरलं. आमच्या यांना, तुझ्या मामाजींना, तेलाचं इंजिन पाहायचं होतं. आणि दिवाळीला माहेरी गेलेली सून संक्रांत झाली तरी परतली नाही, तिला आणायचं होतं. निघतानाच त्यांनी बैल जुंपलेल्या दमणीत तुझ्यासाठी गादी टाकली. येताना इंजिनाचा कागद नि सून, दोन्ही घेऊन येऊ, असं म्हणाले. तुला सातवा लागला होता. सोनाळा ते खामगाव दमणीचा रस्ता, खाचखळगे, नाल्यातले गोटे, नि घरी पोचल्यावर शेवटची वेचणी वाट बघत असलेली. मला सगळं पुढचं दिसत होतं. तरी मी दशम्या बांधल्या नि बसले.

प्रदर्शनाच्या फाटकातून आत गेलं की आकाशपाळणा, मौत का कुआँ, इंजिनं, खतांच्या गोण्या, नि त्यांच्या पलीकडे ते ‘आपला वऱ्हाड’ नावाचं खेडं. बांबूच्या तट्ट्यांवर कापड ताणून त्यावर भिंती रंगवलेल्या. पुढून पाहावं तर घर, मागं जावं तर नुसते वासे. दारात पाटी, सकाळी दहा गुढीपाडवा, बाराला नागपंचमी, तीनला पोळा, साडेचारला भुलाबाई, सहाला दिवाळी. एका दिवसात अख्खं वर्ष उरकायचं! मी तुझ्या मामाजींना म्हटलं, हितं महिनाभर राह्यलो तं आपण दोघं तीस वर्षांनी म्हातारे होऊन घरी जाऊ. ते हसले. मला बरं वाटलं, कारण हसरा माणूस जरा ऐकतो.

त्या खेड्याचे मालक म्हणजे ते पांढऱ्या विजारीतले साहेब, हातात कर्णा घेतलेले. बोलणं एवढं स्वच्छ की आपण हात धुऊन ऐकावं असं वाटत होतं. ते कर्ण्यातून सांगत होते की वऱ्हाडची माणसं साधी, भोळीभाबडी असतात, देवाधर्मावर त्यांचा आंधळा विश्वास असतो. आम्ही दोघं त्यांच्यापासून चार हातांवर उभे. त्यांनी आमच्याकडे पाहून मानही हलवली, प्रेमानं. माणूस वाईट नव्हता गं. पण ‘भोळीभाबडी’ ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली. मला बाजारात आजवर एकाही दुकानदारानं फसवलेलं नाही.

एका बाजूला दोरी बांधून सातपुड्याच्या लोकांची जागा केली होती. तिथं कोण उभी असावी? आपल्या सोनाळ्याच्या बाजारात चारोळी घेऊन येते ती कोरकू बाई. मला पाहून तिनं तोंडावर हात धरला नि डोळ्यांनी हसली. मी दोरीखालून वाकून तिच्यापाशी गेले. ती म्हणाली, दिवसातून चारदा होळीचा नाच करवतात, पण होळी पेटवू देत नाहीत, कापडाला आग लागंल म्हून. अंगावर एकरंगी, जाडंभरडं लुगडं. तिचं ते फुलाफुलांचं पोलकं कुठं गेलं असं विचारलं, तर म्हणाली, साहेबांनं पेटीत ठेवाले लावलं, डोंगरातल्या बाया असं घालत नाईत म्हणे. आता घे! ती डोंगरातलीच, नि तेच पोलकं घालून आली होती. मी साहेबांना तसं विचारलं. ते म्हणाले, आजी, पाहणाऱ्यांना खरं वाटलं पाहिजे. मी आजी तेव्हा झाले नव्हते, याचाही राग आला.

तेवढ्यात तीन वाजले नि पोळा सुरू झाला. बैल चांगले होते, कुण्या तेल गिरणीचे. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, तोरण बांधलेलं. एक सवाशीण पुढं आली, बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. पुरणपोळी खरी होती. तुझे मामाजी पौष आहे हे विसरले. डोक्यावरचं पागोटं नीट केलं, दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला नि तो हात आपल्या कपाळाला लावला. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना ते बैलांशी जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी वर्षात बोलत नाहीत. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नाही.

आणि त्यांना मेली खोड, प्रत्येक गोष्टीची मागची बाजू पाहायची. ते कापडी घराच्या मागं गेले. तिथं काय, तर झुली काढून तेच बैल पाण्याच्या टाकीला जुंपलेले, धूळ उडू नये म्हणून शिंपडायला. झालं! असे ओरडले की मौत का कुआँमधली फटफटी ऐकू येईना. पोयाच्या बैलाले जुंपतं का कोनी बे, म्हणाले. गाडीवान बिचारा काकुळतीला आला, म्हणाला, मामा, हितं तं रोजच पोया हाये, मंग पानी कोन वाहीन? त्यावर तुझे मामाजी म्हणाले, मंग करू नका! केला तं पाळा! आणि स्वतःच्या हातानं जू सोडलं. लोक धावत आले, कापडाच्या मागंपुढं गर्दी झाली, आणि त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. टाळ्या पडल्या. साहेब पुढं आले नि म्हणाले, काका, फार छान, तुम्ही रोज तीन वाजता येऊन असंच म्हणाल का? तुझे मामाजी कानापर्यंत लाल झाले. मला हसू येत होतं नि कीवही येत होती. मरणाचं खरं बोललेला माणूस, नि लोक टाळ्या वाजवतात.

पण रुख्मिणी, त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला ठाऊक आहे की पौष आहे, बेगड आहे, सरकारी पोळा आहे. तरी एकदा बैलाला हात जोडले की त्याच्यासाठी पोळा झाला. मग पाळायचाच. एवढं मनात धरून मी पुढं निघाले, आणि देवाची करणी बघ, पुढचं घर तुमचं.

तुझ्या आईनं, गोजरबाईनं, भुलाबाईचं काम घेतलंय हे आम्हाला निरोपात कळलं होतं. तूही तिथंच असशील हे माहीत नव्हतं. नंतर कळलं, घरी दिवसा तुझ्याजवळ बसायला कुणी नाही म्हणून तुझ्या आईनं तुला सोबत नेलं, आणि साहेबांना नुसतं बसून राहणारी एक बाई हवीच होती. बसणं हेच काम, हे आपल्याकडे कुण्या बाईच्या वाट्याला आलंय? भुलाबाई पाटावर, मुंबईच्या कारागिरानं केलेली, पांढरीफटक, ओठ रंगवलेले. सोबत भुलोजी नाहीच! साहेबांच्या कागदात नवऱ्याचा उल्लेख नव्हता म्हणे. तुझ्या आईनं शेजारी एक सुपारी मांडून त्याची भरपाई केलेली. वर कागदी उसाचा मांडव होता तो काढून ज्वारीची पाच धांडं बांधलेली, तीही तुझ्या आईनंच वावरातून आणलेली. आणि बाजूला बाजेवर तू. तुझ्या डोक्यावर पाटी, ‘माहेरवाशीण’. इंजिनावर ‘पाच हॉर्सपॉवर’ लिहिलं होतं ना, तशीच पाटी, त्याच अक्षरात.

मी पाटी वाचली, नि मग तुझे पाय पाहिले. पाय एवढे सुजले होते की जोडवी रुतली होती. ओठांना रंग नव्हता. तू आम्हाला पाहून उठायला गेलीस नि बाजेची कड धरून तशीच थांबलीस. तुझ्या आईनं हातातलं खिरापतीचं ताट खाली ठेवलं. सासऱ्यांनी काही विचारायच्या आत तीच बोलली, भुलाबाई बसली हाये इहीनबाई, ते उठल्याबिगर लेक कशी धाडू. मामाजी म्हणाले, पौषात? तुझ्या आईचं तोंड पडलं. आणि मी, तुला वाटते ती देवभोळी बाई, पुढं झाले. डोक्यावरचा पदर नीट घेतला, भुलाबाईला हळदकुंकू वाहिलं, सुपारीलाही वाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, बसली ते बसली. महिना कोनता का असंना. बसल्या भुलाबाईपुढून लेक उठवाची नाई, आपल्या घरी चालत नाई. मग तुझ्या मामाजींकडे वळून म्हणाले, आताच तुमी म्हनलं ना, केला तं पाळा. त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. भोवती माणसं जमलेली होती. पुन्हा टाळ्या पडतील या भीतीनं ते तिथून निघालेच.

भादव्याच्या पुनवेला बसणारी नि कोजागिरीला उठणारी भुलाबाई पौषात बसत नाही, हे मला कळत नसेल का गं? पोरगी असताना मी महिना महिना तिच्यापुढं गाणी म्हटलीत, झाकलेली खिरापत वासावरून ओळखलीय. त्या खेड्यात रोज फुटाणेच असायचे, तरी बाहेरची पोरं ओळखायला म्हणून जिलबी, लाडू, पेढा ओरडत होती. मी ते ऐकून घेतलं, हसले नाही. मला तोंड गंभीर ठेवायचं होतं. साहेब मागून कुणाला तरी सांगत होते, पाहा, किती श्रद्धा! मी म्हटलं, म्हणा बापा, अजून मोठ्यानं म्हणा. त्या दिवशी ते ‘भोळी’ म्हणत होते म्हणूनच माझं काम झालं. तेव्हा मला तुम्ही फसवलं नाही. तू नि तुझी आई चार महिने ज्याचं ओझं वाहताय ते माझंच नाटक होतं. तुम्हाला आधी सांगितलं नाही ते एवढ्यासाठी की तुझी आई भली बाई, तिच्या पोटात काही राहत नाही.

मी हे का केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. उत्तमच्या आधी माझे दोन गेले. पहिला पाचव्यात, दुसरी सातव्यात. ती मुलगी होती. घटकाभर जगली. मी तिला पाहिलं, बोटं मोजली, सगळी होती. तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, कापूस उडून राह्यला, आणि मी ओटी बांधून वावरात गेले. तुझे मामाजी तेव्हा चोवीस वर्षांचे. मला वावरात येताना त्यांनी पाहिलं, नि बैलाकडे तोंड केलं. वाईट नव्हते, त्यांना बोलायचं ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तुझे दोन गेले तेव्हाही मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला नि गप्प राहिले. ते मला फार लागलंय रुख्मिणी. माफी कुणी कुणाची मागायची असेल तर मी तुझी मागायला पाहिजे, आणि मी मागते.

त्या दिवशी परत येताना दमणीत गादी रिकामीच होती. मी तिच्यावर बसले, पहिल्यांदा एवढ्या आरामात आले. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, भुलाबाई उठीन कवा? मी म्हटलं, प्रदर्शन उठलं म्हंजे. प्रदर्शनाला मुदतवाढ मिळाली तेव्हा मी देवाला नारळ ठेवला. मग ते खरंच संपलं. इकडे ते पुन्हा विचारायला लागले. उत्तमनं खामगावहून येऊन सांगितलं की साहेबांनी ती मूर्ती भुश्शात घालून, पेटीत ठोकून मुंबईला पाठवली. त्याला मी जेवायला वाढत होते, हातातली पळी तशीच राहिली. म्हणजे विसर्जन झालंच नाही! मी तुझ्या मामाजींना सांगितलं, बोळवण झाली नाही, म्हणजे भुलाबाई अजून बसलेलीच आहे, पेटीत बसलीय एवढंच. त्यांनी पागोटं काढून खुंटीला लावलं. मग म्हणाले, हाव, थे तं खरं हाये. माघ गेला, फाल्गुन गेला. रामनवमीच्या आधी पोरगी झाल्याची खबर आली, तू धड आहेस असं कळलं, नि माझा जीव भांड्यात पडला. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं की नाही असं विचारशील, तर एक-दोघींनी केलं. त्या दोघींना मी साखर दिली नाही.

आता हे सगळं आजच का लिहायला बसले ते सांगते. परवा बुधवारी तुझे मामाजी दमणी जुंपून तुला न्यायला येऊन राह्यले. उद्या पोरीला सव्वा महिना भरतो. वावरात धसकटं वेचायला बाया मिळत नाहीत, नि काल जेवताना ते म्हणाले, पेटीतली असो का पाटावरली, आता भुलाबाई पुरे. उत्तम उद्या सरकी आणायला खामगावला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देते. तो गुणाचा आहे, पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. माझ्याकडे आता दुसरी देवी उरली नाही, आणि मला ती नकोही. तू दमणीत बसायचं नाहीस. ते आले की पाय धुवायला पाणी दे, चहा दे, आणि मग हे पत्र त्यांच्याच हातात दे. मी तोंडानं सांगायला गेले तर ते अर्ध्यातच उठून बैलांकडे जातात. पण कागद ते अर्ध्यात सोडत नाहीत; गुळाच्या पुडीचा कागदही ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत वाचतात. तर अहो, बोट इथवर आलं असेल तर ऐका. पौषात तुम्हाला भुलाबाईनं अडवलं नव्हतं, मी अडवलं होतं. तेहतीस वर्षांत मी तुम्हाला एकदाही नाही म्हटलं नाही, आज म्हणते. सून येणार नाही. तीन महिने भरल्यावर येईल, नि तिला आणायला मी येईन. धसकटं राहिली तर राहू द्या. रागवायचं असेल तर घरी या नि माझ्यावर रागवा, तिथं पोरीवर नको. आणि लगेच दमणी फिरवू नका. हात धुतलेलेच असतील, तर नातीला मांडीवर घ्या. आपली ती गेली तिलाही तुम्ही घेतलं नव्हतं. हिला घ्या. कान तुमचे आहेत म्हणे.

तुझीच आत्याबाई,
सुभद्रा